वास्तुरचनेतील आकृत्या

वास्तुरचनेतील आकृत्या म्हणजे नियोजित किंवा अस्तित्वात असलेल्या इमारतीची कल्पना, मांडणी, मापे व कार्य इतरांना कळावे यासाठी काढलेली रेखाचित्रे होत. आराखडा, छेद, उठाव, यथादर्शन आणि संबंधदर्शक आकृती हे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. इमारत बांधण्यापूर्वी ती वास्तुविशारदाच्या मनात असते. ती घरमालक, गवंडी, सुतार, अभियंता, नगरपालिका व शेजारी यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे मुख्य साधन म्हणजे आकृती. त्यामुळे वास्तुकलेत आकृतीला भाषेचे स्थान आहे. या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, संकेत आहेत आणि मर्यादाही आहेत. आकृती चुकीची काढली गेली किंवा चुकीची वाचली गेली, तर तिचा परिणाम इमारतीत राहणाऱ्यांना अनेक वर्षे भोगावा लागतो.

## संज्ञा व स्वरूप

वास्तुविषयक रेखाटनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग प्रमाणबद्ध आरेखनाचा. यात प्रत्येक रेषेला माप असते व त्या मापावरून प्रत्यक्ष बांधकाम करता येते. दुसरा वर्ग कल्पनादर्शक आकृत्यांचा. यात मापापेक्षा संबंधाला महत्त्व असते. कोणती खोली कोणत्या खोलीला लागून आहे, वारा कोठून येतो, माणसे कोणत्या वाटेने आत येतात, इमारतीचा कोणता भाग सार्वजनिक व कोणता खाजगी आहे, अशा गोष्टी बाण, वर्तुळे, छायांकन व मोजक्या शब्दांनी दाखवल्या जातात.

दोन्ही वर्गांचा पाया एकच आहे, तो म्हणजे निवड. कोणतीही आकृती इमारतीचे सर्व गुण एकाच वेळी दाखवू शकत नाही. ती काही गोष्टी जाणीवपूर्वक वगळते आणि उरलेल्या ठळक करते. पाणीपुरवठ्याच्या आकृतीत भिंतींचा रंग नसतो आणि दर्शनी भागाच्या चित्रात नळ दिसत नाहीत. म्हणून चांगल्या आकृतीची कसोटी ती किती सांगते यापेक्षा, ज्याला सांगायचे आहे त्याच्या प्रश्नाचे उत्तर ती देते की नाही, ही मानली जाते.

## प्रमुख प्रकार

आराखडा. इमारत जमिनीपासून साधारण एक ते दीड मीटर उंचीवर आडवी कापली आणि वरून खाली पाहिले तर जे दिसेल, त्याचे चित्र म्हणजे आराखडा. बोलीभाषेत यालाच प्लॅन म्हणतात. भिंती, दारे, खिडक्या, खोल्यांची लांबी-रुंदी व त्यांचे परस्परसंबंध यातून कळतात. उंची मात्र कळत नाही.

छेद. इमारत उभी कापून आतील भाग दाखवणारी आकृती. पाया, जोते, मजल्यांची उंची, जिना, छप्पर व त्यांतून येणारा उजेड हे छेदातच समजते. पायाची खोली किंवा माळ्याची उंची गवंड्याला सांगायची असेल, तर छेदाला पर्याय नसतो.

उठाव. इमारतीची एक बाजू समोरून, अंतराचा परिणाम वगळून दाखवणारी आकृती. दारे-खिडक्यांचे प्रमाण, गच्चीचा कठडा, छज्जे व बाह्य सजावट यांसाठी ती वापरतात.

स्थळ आराखडा. भूखंडाच्या हद्दी, लगतचे रस्ते, उत्तर दिशा, झाडे, विहीर व इमारतीभोवती सोडलेली मोकळी जागा यांचे चित्र. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा शब्दांत लिहिली जाते, तीच माहिती स्थळ आराखड्यात रेषांनी येते.

यथादर्शन. माणसाच्या डोळ्याला इमारत जशी दिसेल तसे चित्र. दूरची वस्तू लहान व जवळची मोठी दिसते हा नियम यात पाळला जातो. सामान्य माणसाला हा प्रकार सर्वांत लवकर समजतो. मात्र त्यावरून माप घेता येत नाही.

आयसोमेट्रिक आकृती. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मिती एकाच चित्रात, समान प्रमाणात दाखवणारी आकृती. विल्यम फॅरिश या इंग्लिश प्राध्यापकाने १८२२ मध्ये या पद्धतीची नियमबद्ध मांडणी केली. सांधे, लाकडी जोडकाम किंवा घराचे सुटे भाग समजावण्यास ती सोयीची असते.

संबंधदर्शक आकृती. प्रत्येक उपयोगासाठी एक वर्तुळ काढून वर्तुळे रेषांनी जोडली जातात. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी तिला बबल डायग्राम म्हणून ओळखतात. स्वयंपाकघर व जेवणाची जागा जाडसर रेषेने, तर बैठक व परसदार बारीक रेषेने जोडले म्हणजे जवळिकीची पातळी स्पष्ट होते. आराखड्याची पहिली पायरी म्हणून ही आकृती काढतात.

हवामानदर्शक आकृती. सूर्याचा मार्ग, वाऱ्याची दिशा, पावसाची झड व सावली बाणांनी दाखवणारी आकृती. ती बहुधा छेदावर काढली जाते.

## इतिहास

### प्राचीन व मध्ययुगीन भारत

भारतीय वास्तुशास्त्रात वास्तुपुरुषमंडल ही मूलभूत आकृती मानली जाते. चौरसाचे समान लहान चौरसांत, म्हणजे पदांत, विभाजन करून ती तयार होते. ६४ पदांचे व ८१ पदांचे मंडल हे तिचे सर्वाधिक प्रचलित प्रकार होत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या दोन्हींचे वर्णन आढळते. या मंडलाला धार्मिक अर्थ आहे, तसाच व्यावहारिक उपयोगही आहे. मंदिराचा गाभारा, भिंतींची जाडी व प्रदक्षिणेचा मार्ग पदांच्या पटीत सांगता येत असल्याने सूत्रधाराला संपूर्ण रचना लक्षात ठेवणे व शिष्याला सांगणे शक्य होत असे.

बांधकामासाठी प्रत्यक्ष काढलेल्या आकृत्यांचा एक महत्त्वाचा पुरावा मध्य प्रदेशातील भोजपूर येथे आहे. परमार राजा भोज याच्या काळातील, म्हणजे ११व्या शतकातील, अपूर्ण शिवमंदिराभोवतीच्या खडकांवर मंदिराच्या भागांची रेखाटने कोरलेली आहेत. दगड जेथे काढला व घडवला जात होता तेथेच आकृती उपलब्ध असावी, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो. वास्तुशास्त्रावरील समरांगणसूत्रधार हा संस्कृत ग्रंथही याच राजाच्या नावावर आहे.

महाराष्ट्रातील शैलगृहांमध्ये आकृतीची गरज वेगळ्या प्रकारे जाणवते. वेरूळचे कैलास मंदिर ८व्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात अखंड खडकातून, वरून खाली कोरत आणले गेले. बांधीव इमारतीत चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. कोरीव कामात एकदा काढलेला खडक परत येत नाही. त्यामुळे शिखराला पहिला घाव घालण्यापूर्वीच खालच्या जोत्यापर्यंतची रचना निश्चित असणे आवश्यक होते. अजिंठ्यातील अपूर्ण राहिलेले क्रमांक २४चे लेणे कामाचा क्रम दाखवते आणि त्यामुळे अभ्यासकांना ते स्वतःच एका आकृतीसारखे उपयोगी पडते.

### वाडा व शब्दांतील आराखडा

मराठी मुलखात घराचा आराखडा शब्दांत सांगण्याची एक पक्की पद्धत होती. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत व घराची लांबी खणांत मोजत. घराच्या रुंदीत खांबांच्या रांगांनी पडणाऱ्या पट्ट्यांना घई म्हणत. 'पाच खणी, दुघई सोपा' एवढे सांगितले की सुताराला लागणाऱ्या खांबांची, तुळयांची व कड्यांची संख्या काढता येत असे. 'चौसोपी वाडा' म्हणजे मधल्या चौकाच्या चारही बाजूंना सोपे असलेला वाडा, 'दुचौकी' म्हणजे दोन चौकांचा. ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसदार हा क्रम ऐकताच बाहेरून आत जाणारी, सार्वजनिकाकडून खाजगीकडे जाणारी वाट डोळ्यांसमोर येते. आधुनिक संबंधदर्शक आकृती जे काम करते, तेच काम ही परिभाषा करीत असे. ती यशस्वी होण्याचे कारण म्हणजे सांगणारा व ऐकणारा या दोघांनाही अशी घरे रोजच्या परिचयाची होती.

पुण्यातील शनिवारवाडा हे याच्या पुढचे उदाहरण आहे. १७३० मध्ये पायाभरणी झालेल्या या वाड्याच्या आतील इमारती १८२८च्या आगीत नष्ट झाल्या. तटबंदी, दरवाजे व जोती शिल्लक राहिली. आज आत फिरणाऱ्याला चौक, दालने व कारंजी यांची जागा जोत्यांवरूनच ओळखावी लागते. म्हणजेच जमिनीवर उरलेला आराखडा वाचूनच नष्ट झालेल्या इमारतीची कल्पना करावी लागते.

### युरोपीय परंपरा

रोमन लेखक व्हिट्रुव्हियस याने इ.स.पू. पहिल्या शतकात वास्तुरचना मांडण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. ते म्हणजे जमिनीवरील आराखडा, समोरचा उठाव आणि यथादर्शनासारखे चित्र. १५व्या शतकात इटलीमध्ये यथादर्शनाचे भूमितीय नियम निश्चित झाले. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या सायनोटाइप प्रक्रियेमुळे पुढे निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांच्या प्रती, म्हणजेच ब्लू प्रिंट, काढता येऊ लागल्या. एकच आकृती कार्यालयात, कारखान्यात व बांधकामाच्या जागी एकाच वेळी उपलब्ध होऊ लागल्याने रेखाटन व बांधकाम ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांकडे जाण्याची प्रक्रिया वेगवान झाली.

### मुंबईतील शिक्षण

मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली. तेथेच पुढे वास्तुकलेचे शिक्षण विकसित झाले. क्लॉड बॅटली यांच्या प्रमुखपदाच्या काळात विद्यार्थ्यांनी जुन्या भारतीय इमारतींची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन आरेखने करावीत यावर भर दिला गेला. मोजून काढलेले आरेखन इमारतीचे दस्तऐवजीकरण करते आणि त्याच वेळी विद्यार्थ्याला आकृतीतील रेष व प्रत्यक्ष भिंत यांतील नाते शिकवते. हा अभ्यास आजही वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. भारतात वास्तुविशारदाच्या व्यवसायाचे नियमन वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार होते.

## तासगाव परिसरातील उदाहरणे

### गणपती मंदिराचे गोपुर

सांगली जिल्ह्यातील तासगाव हे पटवर्धन घराण्याच्या एका शाखेचे ठाणे होते. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी येथे गणपती मंदिर बांधण्यास घेतले. बांधकाम १७७९ मध्ये सुरू होऊन १७९९ मध्ये पूर्ण झाले असे मानले जाते. मंदिराचे सात मजली गोपुर ९६ फूट, म्हणजे सुमारे २९ मीटर, उंच आहे. महाराष्ट्रातील मंदिरांत अशी रचना विरळ आहे. कर्नाटकातील मोहिमांच्या निमित्ताने परशुरामभाऊंनी दक्षिणेतील गोपुरे पाहिली व त्यांवरून ही कल्पना घेतली, असे सांगितले जाते.

आकृत्यांचे विविध प्रकार काय सांगतात व काय सांगत नाहीत, हे समजण्यास गोपुर हे चांगले उदाहरण आहे. गोपुराच्या तळमजल्याचा आराखडा पाहिला तर मधून जाणारा मार्ग व दोन्ही बाजूंचा भरीव भाग एवढेच दिसते. केवळ त्यावरून ही एक साधी वेस आहे की सात मजली बांधकाम आहे, हे सांगता येणार नाही. उठाव काढताच वर जाताना लहान होत जाणारे मजले, त्यांमधील आडव्या पट्ट्या व माथ्याचा आकार स्पष्ट होतो. मात्र उठावातून भिंतीची जाडी कळत नाही. छेदातच वरच्या मजल्यांचा भार खाली कसा उतरतो व आतील पोकळी किती आहे ते दिसते. गोपुर गावातून कसे दिसते, रस्त्यावरून येणाऱ्याला ते प्रथम कोठून नजरेस पडते, हे सांगण्यासाठी यथादर्शन किंवा स्थळ आराखडा लागतो. १:१०० या प्रमाणात काढल्यास या गोपुराचा उठाव कागदावर सुमारे २९ सेंटिमीटर उंच होईल, म्हणजे साध्या कागदाच्या जवळजवळ संपूर्ण लांबीइतका. त्याच प्रमाणात दीड मीटर उंचीचा माणूस दीड सेंटिमीटरचा येतो. आकृतीत माणसाची आकृती घालण्याचा संकेत यासाठीच आहे, कारण तिच्यामुळे वाचकाला भव्यतेचा अंदाज मापाविना येतो.

### रथोत्सवाचा मार्ग

तासगावात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथोत्सव होतो. गणपती मंदिरापासून काशीविश्वेश्वर मंदिरापर्यंत भाविक दोरांनी उंच रथ ओढतात. अशा उत्सवाची जागा समजावण्यासाठी फक्त मंदिराचा आराखडा अपुरा पडतो. येथे दोन मंदिरे व त्यांना जोडणारा रस्ता मिळून एक रचना ठरते. या रचनेची आकृती काढताना रथाचा मार्ग बाणाने, गर्दी थांबण्याच्या जागा छायांकनाने आणि रस्त्याकडेच्या घरांचे सज्जे व विजेच्या तारा छेदाने दाखवाव्या लागतात. वर्षातील ३६४ दिवस साधा रस्ता असलेली जागा एका दिवशी सभामंडपासारखी वापरली जाते, ही गोष्ट भिंती दाखवणाऱ्या आराखड्यात येत नाही. ती वापराच्या आकृतीतच येते. गावठाणातील रस्तारुंदीकरण किंवा नवे बांधकाम यांबाबत निर्णय घेताना अशा आकृतीचा अभाव असेल, तर परंपरेने मोकळी राहिलेली जागा कागदावर निरुपयोगी मोकळी जागा म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो.

### बेदाणा शेड

तासगाव तालुका द्राक्षे व बेदाणा यांसाठी प्रसिद्ध आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. द्राक्षे सुकवण्यासाठी उभारली जाणारी शेड वास्तुविशारदाशिवाय घडलेली, परंतु हवामानाचा नेमका विचार असलेली रचना आहे. वर पत्र्याचे छप्पर, आत एकावर एक जाळ्यांचे अनेक थर व बाजूंना हिरवी शेडनेट असे तिचे स्वरूप असते. द्राक्षमणी थेट उन्हात सुकल्यास काळपट पडतात. सावलीत वाहत्या हवेने सुकल्यास त्यांचा हिरवट रंग टिकतो.

या शेडचा आराखडा काढल्यास केवळ एक लांबट आयत मिळतो. तिचे सारे तत्त्व छेदात आहे. छप्परावर अडवलेले ऊन, बाजूने शिरणारा वारा, थरांमधून आडवी वाहणारी हवा आणि दमट होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारी हवा हे चार बाण काढले की शेड का व कशी काम करते ते नवख्या माणसालाही समजते. थरांमधील अंतर कमी झाल्यास हवा अडते व शेडची लांब बाजू वाऱ्याला सन्मुख नसल्यास आतील थर उशिरा सुकतात, हे दोन दोष त्याच आकृतीवरून आधीच लक्षात येऊ शकतात. हवामानदर्शक छेदाचे प्रयोजन विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी हे उदाहरण सोपे आहे.

## आधुनिक महाराष्ट्रातील वापर

### नवी मुंबई

मुंबई बेट उत्तर-दक्षिण असे लांबट असून व्यापार व कार्यालये दक्षिण टोकाला एकवटली होती. सकाळी सर्व वाहतूक दक्षिणेकडे व सायंकाळी उत्तरेकडे असा भार त्यातून निर्माण झाला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी मार्ग या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला. त्या प्रस्तावाचे सार एका साध्या आकृतीत मावते. उत्तर-दक्षिण रेषेऐवजी बंदराच्या पाण्याभोवती अनेक केंद्रे असलेले शहर, अशी ती कल्पना होती. १९७० मध्ये नवे शहर उभारण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. एखादी आकृती इमारतीपुरती मर्यादित न राहता शासकीय धोरणाचा आधार कशी बनते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

### कांचनजंगा, मुंबई

मुंबईत समुद्राचा वारा व दृश्य पश्चिमेकडे आहे. दुपारचे तापलेले ऊन व पावसाची झडही त्याच बाजूने येते. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून हा पेच सोडवला होता. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा या निवासी इमारतीत कोरिया यांनी तोच उपाय उंच इमारतीत आणला. इमारतीचा पाया सुमारे २१ मीटरचा चौरस असून उंची ८४ मीटर, म्हणजे त्याच्या चौपट आहे. तीत ३२ सदनिका आहेत. कोपऱ्यांत कोरून काढलेल्या दुप्पट उंचीच्या गच्च्या व्हरांड्याचे काम करतात. या इमारतीची कल्पना आराखड्यापेक्षा छेदात अधिक स्पष्ट होते. वेगवेगळ्या पातळ्यांवरील सदनिका एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे छेद एका दृष्टिक्षेपात दाखवतो. म्हणूनच तिच्या चर्चेत छेद नेहमी दाखवला जातो.

### बेलापूर गृहवसाहत

नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८०च्या दशकात बांधलेल्या कमी उंचीच्या वसाहतीची मांडणी क्रमवार आकृतीने समजावली जाते. सुमारे ८ मीटर बाजूच्या चौकाभोवती ७ घरांचा एक गट होतो. असे ३ गट मिळून २१ घरे व १२ मीटर बाजूचा चौक, आणि त्यांचे ३ समूह मिळून ६३ घरे व २० मीटर बाजूचा चौक अशी रचना वाढत जाते. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र असल्याने मालकाला शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवता येते. येथे आकृतीने अंतिम रूप न दाखवता वाढीचा नियम दाखवला आहे. पुढील काळात रहिवाशांनी घरांत मोठे बदल केले, अनेक घरे पाडून नवी बांधली. तरीही चौकांची मांडणी ओळखता येते.

### बाळकृष्ण दोशी यांची रेखाटने

पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. संस्थेत शिकलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय वास्तुविशारद होत. आपल्या इमारतींची चित्रे त्यांनी भारतीय लघुचित्रांच्या शैलीत काढली. त्यांत आराखडा, उठाव, झाडे, पशुपक्षी व माणसे एकाच पृष्ठावर, एकाच दृष्टिकोनाचे बंधन न पाळता येतात. अशी चित्रे बांधकामासाठी नसतात. त्या जागी जगणे कसे असेल हे सांगणे हे त्यांचे प्रयोजन असते.

## आकृती आणि रहिवासी

आकृती तज्ज्ञांना समजते, पण ज्यांच्यासाठी इमारत बांधायची त्यांना ती समजतेच असे नाही. हा प्रश्न महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मोठ्या प्रमाणावर समोर आला. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुनी गावे दाट होती. अरुंद बोळ, एकमेकांना लागून असलेली दगडमातीची घरे, भावकीचे वाडे व समोरची अंगणे हे त्यांचे स्वरूप होते. नव्या गावांपैकी अनेकांचे आराखडे सरळ रेषांच्या चौकटीवर, रुंद रस्ते व समान भूखंड अशा पद्धतीचे होते. घरांचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट असे ठरवण्यात आले.

कागदावर असा आराखडा सुटसुटीत व आधुनिक दिसतो. रुंद रस्त्यांबाबत भूकंपग्रस्तांची भावनाही समजण्याजोगी होती, कारण अरुंद बोळांत ढिगाऱ्याखाली माणसे सापडली होती. परंतु वस्ती पसरल्यामुळे अंतरे वाढली, शेजार तुटला, गुरे बांधण्यास व धान्य-अवजारे ठेवण्यास जागा अपुरी पडली, असे आक्षेप पुढील काळातील अभ्यासांत नोंदवले गेले. क्षेत्रफळ, रस्ता व भूखंड क्रमांक या गोष्टी आराखड्यात होत्या. कोण कोणाच्या शेजारी राहील, बायका कोठे बसून निवडण-टिपण करतील, गुरे कोणत्या वाटेने येतील, या गोष्टींसाठी आराखड्यात चिन्हच नव्हते.

याच कार्यक्रमातील दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या भागात आकृतीचा वेगळा उपयोग झाला. दगडी भिंतीचे आतले व बाहेरचे थर बांधून ठेवणारा आरपार दगड, तसेच भिंतीभोवती फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा या उपायांना लांब वर्णनाची गरज नसते. भिंतीच्या छेदात तो दगड दाखवला की गवंड्याला तो कोठे व का बसवायचा ते कळते.

रहिवाशांना आकृती वाचायला लावण्याऐवजी आकृतीच पूर्ण आकाराची करण्याचा मार्गही वापरला गेला आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील भायखळा भागातील पदपथवासी महिलांनी महिला मिलन व स्पार्क या संस्थांच्या माध्यमातून आपल्या कल्पनेतील घरांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उभारून प्रदर्शन भरवले. आत उभे राहून, चूल व झोपण्याची जागा ठरवून घराची उंची व माळा यांविषयी चर्चा करता आली. कागदावरील आकृतीत जो निर्णय तज्ज्ञाने घेतला असता, तो अशा प्रतिकृतीत राहणारीलाच घेता येतो.

ग्रामीण भागात पूर्ण आकाराची आकृती प्रत्येक बांधकामात असतेच. पायाखोदाईपूर्वी गवंडी दोरी, खुंट्या व गुण्या वापरून जमिनीवर फक्कीने रेषा मारतो. काटकोन तपासण्यासाठी ३, ४ व ५ फूट बाजूंचा त्रिकोण वापरतात. ही आखणी म्हणजे १:१ प्रमाणातील आराखडाच होय. छत व भिंती नसल्याने आखणीतील खोली प्रत्यक्षापेक्षा लहान भासते आणि पुष्कळ घरमालक या टप्प्यावर खोल्या वाढवण्याची मागणी करतात. आखणीच्या रेषांमध्ये खाट व कपाट यांची मापे मांडून पाहिल्यास हा भ्रम दूर होतो. बदल करायचा असल्यास तो याच टप्प्यावर सर्वांत स्वस्त पडतो.

## प्रमाण, चिन्हे व संकेत

आरेखनात प्रत्यक्ष माप व कागदावरील माप यांच्या गुणोत्तराला प्रमाण म्हणतात. १:१०० प्रमाणात ३ मीटरची खोली ३ सेंटिमीटर दिसते. स्थळ आराखड्यासाठी साधारणतः १:५००, मजल्यांच्या आराखड्यांसाठी १:१०० आणि जिना, खिडकी यांसारख्या तपशिलांसाठी १:२० किंवा त्याहून मोठे प्रमाण वापरतात. प्रमाण बदलले की आकृतीतील माहितीही बदलते. लहान प्रमाणात भिंत एक जाड रेष असते, तर मोठ्या प्रमाणात तीच वीट, गिलावा व सांधा यांनी बनलेली दिसते.

रेषेची जाडी अर्थपूर्ण असते. कापलेला भाग जाड रेषेने, मागे दिसणारा भाग बारीक रेषेने व वरून जाणारी तुळई किंवा छज्जा तुटक रेषेने दाखवतात. उत्तर दिशेचा बाण, मापे व दारे उघडण्याची दिशा दर्शवणारा कंस आराखड्यात आवश्यक मानला जातो. भारतात वास्तु व इमारतींच्या आरेखनासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ९६२ हे मानक आहे. परवानगीसाठी सादर करावयाच्या नकाशांत नवे प्रस्तावित काम लाल रंगाने व पाडावयाचे काम पिवळ्या रंगाने दाखवण्याचा संकेत आहे.

## संगणकाचा वापर

१९८२ मध्ये ऑटोकॅड ही संगणकप्रणाली आली आणि पुढील दोन दशकांत आरेखनाचे फलक व टी-चौकोनी पट्ट्या कार्यालयांतून मागे पडल्या. त्यानंतर आलेल्या इमारत माहिती प्रतिरूपणाच्या प्रणालींत प्रथम त्रिमितीय प्रतिरूप तयार होते व आराखडे, छेद आणि उठाव त्यातून आपोआप निघतात. एका ठिकाणी बदल केला की सर्व आकृत्या एकाच वेळी बदलत असल्याने विसंगती कमी होते. दुसरीकडे, छायाचित्रासारखी हुबेहूब चित्रे फार लवकर तयार होऊ लागल्याने अपुरा विचार झालेली रचनाही पूर्ण झाल्यासारखी भासते. हाताने काढलेले कच्चे रेखाटन 'हे अजून ठरायचे आहे' असे सुचवते व पाहणाऱ्याला सूचना करण्यास वाव देते. त्यामुळे सुरुवातीच्या चर्चेत अनेक वास्तुविशारद आजही हाताने आकृती काढतात.

## मर्यादा

आकृतीतून आवाज, वास, उष्मा व स्पर्श कळत नाहीत. काळाचा परिणाम, जसे की पावसाने येणारी ओल, वाढणारे कुटुंब किंवा बदलणारा व्यवसाय, तिच्यात क्वचितच येतो. वरून पाहिलेल्या आराखड्यातील सममिती जमिनीवर चालणाऱ्याला जाणवतेच असे नाही. जाहिरातीतील यथादर्शनात मोकळी जागा व झाडे प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवली जाऊ शकतात. म्हणून घर घेणाऱ्याने चित्राऐवजी मंजूर आराखड्यावरील मापे पाहणे हिताचे ठरते. आकृती हे वचन नसून मांडणी आहे. ती जेव्हा मापांसह, दिशेसह व वापराच्या माहितीसह दिली जाते, तेव्हाच तिच्यावर प्रश्न विचारणे शक्य होते आणि बांधकामापूर्वी प्रश्न विचारता येणे हाच तिचा मुख्य लाभ आहे.

## हेही पाहा

- वास्तुकला
- वास्तुपुरुषमंडल
- वाडा
- गोपुर
- तासगाव
- नवी मुंबई
- १९९३ लातूर भूकंप
- बाळकृष्ण दोशी